शेरा

शाळेमागच्या मोकळ्या जागेत सागाचा स्टँड होता,
शेळ्यांसाठी भोवती काटेरी तार.
त्यावर फूटभर चौकोनी कागद, डिंक लावलेला,
तोंड आभाळाकडे.
रोज साडेआठला बाबा तो बदलायचे,
घडी घालून पाकिटावर लिहायचे
खैरी, तारीख, पाऊस इतके मिलिमीटर.
पाकीट मुंबईला जायचं.

बाबा शाळेचे शिपाई, उकंडा रामटेके.
घंटा, पिण्याचं पाणी, पर्जन्यमापक, आणि बासष्ट साली हे.
महिना सात रुपये जास्त.

कागदाला चिकटायची जिनिंगमधून उडालेली रुई,
कडुनिंबाचा मोहोर, उधईचा एखादा पंख,
उन्हाळ्यात काळ्या मातीचं पीठ.
मोजायचं होतं ते मात्र यातलं काहीच नव्हतं.
"दर्यात बम फोडते म्हने," बाबा सांगायचे.
"त्याची राख इथवर येते."
दर्या त्यांनी पाहिला नव्हता.
वर्धेचा पूर पाहिला होता,
तेवढ्यावरून अंदाज.

वर्षातून एकदा जीप यायची.
केळशीकर साहेब काळी पेटी घेऊन उतरायचे
आणि पेटी टिकटिक करत गावभर फिरायची
विहिरीपाशी, कडब्यापाशी,
सुभद्रीच्या दुधाच्या चरवीपाशी जरा जास्त वेळ.
मागून आम्ही पोट्टे.
सुभद्रीनं तीन दिवस कुणाला दूध दिलं नाही.
मग दिलं. वासरू तर पीतच होतं.

त्या रात्री ओसरीवर साहेबांनी
जहाजाची गोष्ट सांगितली.
तसल्याच पावसातून ते गोदीत आलं होतं.
डेकवर खलाशी ओळीनं बसवले,
ब्रश, सोडा, साबण, शेवटी आम्ल.
घासा, मोजा. घासा, मोजा.
रंग खरवडला तरी फळ्यांच्या चिरांत आवाज,
दोरखंडांत आवाज,
बुडाला धरलेल्या शिंपल्यांतसुद्धा.
जाळायचं तर धूर कुठे जाणार?
साहेबांनी स्वतःचे बूट तिथंच काढून ठेवले,
अनवाणी घरी गेले.
बायकोनं विचारलं, देवळात गेला होता का?

कौतिका अंगणात राखेनं भांडी घासत होती.
हात न थांबवता म्हणाली,
"अन् त्या धुतल्या पान्याचं काय केलं, साहेब?"

साहेबांनी रिकामा कप बशीत उगाच फिरवला.
"समुद्रात सोडलं."

"हं," कौतिका म्हणाली.
आणि खरकटं पाणी
दोडक्याच्या वेलाला घालून आली.

त्याच पावसाळ्यात माझा खालचा दात पडला.
दात कवेलूंवर फेकायचा असतो.
मी शाळेचं छप्पर धरलं, उंच होतं म्हणून,
आणि जोर जरा जास्तच झाला.
छपरावरून पलीकडे गेला तो
सरळ डिंकावर.

सकाळी बाबा किती तरी वेळ कागदाकडे बघत उभे होते.
कागदावर पडलेलं काही उचलायचं नाही,
असा नियम होता, आणि बाबा नियमाचे.
दातासकट घडी घातली. घडी नीट बसेना.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
दात एक. कु. पंचफुला, वय सात, हिचा.
खाली सही.

दिवाळीनंतर छापील कार्ड आलं.
नमुना दूषित, ग्राह्य नाही.
"दूषित म्हंजे?"
"घान झालेला."
"माह्या दातानं?"
बाबांनी कार्ड उलटून पाहिलं, मागं कोरं होतं.
"तसं कुठं लिवलं नाही," म्हणाले.

नंतर स्टँड मोडून त्याचा पाट केला.
बाबा त्यावर जेवायला बसत.

दाताचं पुढं काय झालं, कुणी कळवलं नाही.
कुठल्या तरी बाटलीत असेल, नंबर लावलेला,
किंवा केरात,
किंवा धुतल्या पाण्याबरोबर तिकडंच.
त्याच्या जागी आला तो वाकडा आला.
सत्तरी झाली, बाकीचे एकेक गेले,
हा आहे.
अजून भुईमुगाची शेंग
याच दातानं फोडते.