शेजारची जागा

जिल्हा कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर
माझं काम एवढंच:
तोंडं काळी करणं.
चालकाचं नाही, त्याचं तर हवंच असतं आम्हाला,
कपाळ, हनुवटी, अर्धवट जांभई, सगळं.
शेजारी कोण बसलंय, त्याचं.
कायदा म्हणतो, नसता भोचकपणा नको.
दिवसाला दोनशे चौकोन. माउस ओढायचा, सोडायचा.

रोडेनबाखच्या शाळेसमोर खांब उभा राहिला
तेव्हा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा झाली.
बेकरीवाला क्निपहाल्स दंडाच्या तीन चिठ्ठ्या नाचवत म्हणाला,
"पहाटे पावणेचारला कुठलं पोर शाळेत जातं?
आणि पाव तुम्हीच खाता ना सकाळी?"
टाळ्या.
सेवगुल बसल्या जागेवरूनच बोलली,
"मला तो खांब आवडत नाही.
पण परवा एक ट्रक थांबला.
एमरे पार पलीकडे पोचेपर्यंत थांबला."
म्हातारा हार्टविग पुटपुटला, खांबापुरतं शहाणपण,
वळण आलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या.
पैसा जातो कुठे, असं मागून कुणीतरी विचारलं
आणि नगराध्यक्षबाई बराच वेळ कागद चाळत राहिल्या.

त्या रात्री भिंगात कुणीतरी फोम मारला.
पिवळा, फुगलेला, जास्त आंबलेल्या पिठासारखा.
गावानं उगाचच बेकरीकडे पाहिलं.

नोव्हेंबरात इर्मट्राउट क्योन आल्या.
तिसाच्या रस्त्यावर एकेचाळीस.
भांडायला नव्हत्या आल्या, दंड भरलेला,
पावती घडी करून पाकिटात.
"फोटो हवाय. हा नको. खालचा."
चौकोनाखालचा.
"शेजारी माझा नवरा आहे," म्हणाल्या, मग, "होता.
त्यानंतर अकराच दिवस."
काळ्या कडेखाली एक हात तेवढा उरला होता,
अर्धं सोललेलं संत्रं,
साल एका लांब पट्टीत, कुठेही न तुटलेली.
"फोटो काढू द्यायचा नाही कधी.
कॅमेरा दिसला की तोंड फिरवायचा.
या वेळी त्याला कळलंच नाही."

मी नियम वाचून दाखवला. कलम, उपकलम.
त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला,
मध्ये एकदा मानही हलवली.
मग मी म्हणाले, कॉफी आणते,
यंत्र जुनं आहे, वेळ लागेल.
पडदा त्यांच्या बाजूला कसा वळला
ते मला सांगता येणार नाही.
आमच्या काउंटरवर अजून कॅमेरा बसलेला नाही.

परत आले तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या.
कॉफी नको म्हणाल्या.
"बी थुंकत होता हो," एवढंच.

जानेवारीत पुन्हा तीच गाडी माझ्यासमोर.
तोच खांब, नवं भिंग. सदतीस.
क्योनबाई ताठ, दोन्ही हात चाकावर,
नजर थेट माझ्याकडे.
शेजारी कुणी नाही,
पट्टा मात्र ओढून लावलेला, रिकाम्या सीटवर.
सवयीनं माउस तिथवर गेला आणि थबकला.

यंत्र चुकू शकतं म्हणून
कायदा तीन किलोमीटर माफ करतो.
सदतिसातून तीन गेले.
वरचे चार उरतात.
त्यांचं काय करायचं ते लिहिलेलं आहे,
मला पाठही आहे.
आत कॉफीचं यंत्र गुरगुरतंय,
आणि मी अजून बोट उचललेलं नाही.