डावी गुंडाळी

तिकीट फुकटचं होतं. तरी गेटवरच्या पोऱ्यानं
ते उजेडात धरून तपासलं
आणि माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून ठेवली.
"क्रिकेट पलीकडे आहे, काका," म्हणाला,
चुकून आलो असेन म्हणून.

चर्चगेटला हॉकीचं मैदान आहे
हे या शहराला अधूनमधून आठवतं,
बँकेत पडून राहिलेल्या जुन्या खात्यासारखं.

सामन्याआधी मैदानाला पाणी पाजतात.
कडेच्या तोफा गरगर फिरतात,
निळं टर्फ गडद होत जातं
आणि दिव्यांचे खांब त्यात उलटे उभे राहतात.
आमच्या वेळी पाणी मारायचे धूळ बसावी म्हणून.
आता मारतात चेंडू पळावा म्हणून.

एकोणतीस वर्षं मी धोबी तलावाला
मर्झबान शेठच्या दुकानात स्टिका बांधल्या.
तुतीचं लाकूड, वेताचा दांडा, सरस, दोरा, वर पट्टी.
गिऱ्हाईक फळीवर एकदा ठोकायचं
आणि मी मान वर न करता सांगायचो,
ही नको, हिला आतून चीर आहे.
हल्ली कार्बनच्या येतात.
मोडली की दुसरी.
दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

शिट्टी झाली आणि मला काही दिसेनाच.
काय पळतात ही पोरं!
चेंडू नाही, चेंडूमागचा फवारा तेवढा दिसतो.
म्हणून डोळे मिटले. जुनी खोड.
ठक् नाही, टॅक्.
कोरडा आवाज, हाडावर हाड.
शेजारी माझगावच्या इस्मेनियाबाई
टोपावर पळी बडवत होत्या
(माझी बाटली अडवली, त्यांचा टोप आत!).
"निजलास काय रे?"
"ऐकतोय."
"मग घरी रेडिओ नव्हता?"

तिसऱ्या क्वार्टरला पेनल्टी कॉर्नर.
तोंडाला मुखवटे लावून चौघं गोलरेषेवर,
सतरा नंबर सगळ्यांत पुढे धावला
आणि चेंडू त्यानं छातीवर नाही, स्टिकवर घेतला.
तो आवाज मात्र मी ओळखला.
मोडण्याचा आवाज लाकडाचा काय, कार्बनचा काय.
त्यानं ती रेषेबाहेर भिरकावली, दुसरी घेतली, पळाला.

कठड्याखालून हात घालून मी ती उचलली.
हलकी. आतून पोकळ, वाळल्या दुधीसारखी.
पण पट्टी हातानं बांधलेली होती.
आणि उलटी.
दुनिया बांधते घड्याळाच्या काट्यासारखी,
ही काट्याविरुद्ध चढत गेलेली,
शेवटचा पदर डाव्या अंगठ्यानं दाबलेला.

मी अशीच बांधायचो.
"सालं उलटं बांधते तू, चिंदरकर!"
शेठ ओरडायचे, आणि गिऱ्हाइकाला कधी कळायचं नाही.

डावखुऱ्यासाठी हॉकी स्टिक बनतच नाही.
चपटी बाजू एकच, डावी, नियमानं.
डावखुरं पोर उजव्यांच्या काठीनं शिकतं.
ते जेवतं कुठल्या हातानं
हे प्रशिक्षकाला कळत नाही, पंचाला नाही,
इतक्या वर टांगलेल्या त्या कॅमेऱ्यालाही नाही.

पुढं मी सतरा नंबरच पाहिला.
नाव होतं पाठीवर, माझ्या चष्म्यापर्यंत पोचलं नाही.
शेवटची दोन मिनिटं उरली असताना
तो डाव्या बगलेनं डीत शिरला,
गुडघा जमिनीला टेकवला, मनगट फिरवलं,
स्टिक उलटी केली,
आणि मला वाटलं, आता हा घरी आला.

फळी वाजली नाही.
खांब वाजला.
टण्ण, आणि अख्ख्या स्टँडनं एकदम सोडलेला श्वास.
इस्मेनियाबाईंची पळी हवेतच राहिली.

मैदानावरचं पोरगं स्टिक मागायला आलं.
पट्टीचं टोक सुटलं होतं.
मी ते ओढून घेतलं, घट्ट केलं, अंगठ्यानं दाबलं.
"मोडलीय ती, काका," पोरगं म्हणालं.
"माहितीय," म्हटलं. दिली.

गेटवर बाटली नव्हती.
"कोण जिंकलं?" पोऱ्यानं विचारलं.
मला जरा आठवावं लागलं.