घणाचा दांडा

भाऊ म्हणाला, भंगारवाला बत्तीस रुपये किलो देऊन राहिला.
म्हटलं, मीही बत्तीसच देते.
ऐरण, दोन हातोडे, घण, तीन सांडशा, छन्न्या,
उमरेडच्या काट्यावर सगळं मिळून एकसष्ट किलो.
उंदरांनी खाल्लेला भाता त्यानं वजनात धरला नाही.
मी दोन हजार दिले,
वरचे अठ्ठेचाळीस अजून त्याच्याकडेच आहेत.
आई ओट्यावर अंबाडी निवडत होती. काही बोलली नाही.

मानेवाड्याला, मागच्या अंगणात,
कूलरच्या गंजक्या टपाशेजारी भट्टी मांडली:
विटा, चिकणमाती, पाण्याच्या नळाचा एक तुकडा.
भात्याच्या जागी कूलरचीच मोटर.
मे महिन्यात जिनं आम्हाला जगवलं
ती आता डिसेंबरात निखाऱ्यांना वारा घालते.
कोळसा कामठी रोडचा, पोत्यात पावभाग दगड.
पेटताना असा पिवळा धूर सोडतो
की वरच्या पौनीकरबाई खिडकी लावून घेतात,
आणि धूर विरला की उघडून विचारतात,
"काय बनवता हो सिस्टर?"

खरं तर काहीच नाही.
मेडिकलमधली रात्रपाळी उतरवून सकाळी येते,
रात्रभर कुणाकुणाचा ताप लिहिलेला असतो, दशांशासकट.
इथे दशांश नाही.
गुंज, मग पळस, मग हळद,
बाबा एवढंच मोजायचे.
हळदीला मारायचं, पळसाला थांबायचं,
हळदीपुढे गेलं की लोखंड आपलं राहत नाही.
ट्रकच्या कमानीचा पहिला तुकडा
वॉर्डातून फोन आला तेवढ्यात हळदीपुढे गेला.
परत येते तर भट्टीत फुलझडी,
आणि सांडशीत उरलेला अर्धा, चाळणीसारखा.

दुसऱ्याची झाली पावशी. म्हणजे, तिला पावशी म्हणायचं.
सांभार कापते, कांद्याला नाही म्हणते.

बाबांच्या हातोड्याचा दांडा
उजव्या अंगठ्यानं झिजलेला.
मी डावखुरी. हातात तो
दुसऱ्याच्या चपलेसारखा बसतो,
चालता येतं, पण आपण कुठं तरी भलतीकडे निघालोय असं वाटतं.
लहानपणी मला फक्त भाता होता.
ओढ, म्हणायचे, बोलू नको.

मग एका रविवारी शेजारच्या हटवारांच्या पोराला हाताशी घेऊन
ऐरणच फिरवली.
पलीकडच्या काठाच्या चार खपल्या उडालेल्या.
ही बाजू मी पाहिलीच नव्हती.
भात्यापाशी बसलं की दिसायची बाबांची पाठ
आणि तिच्यापलीकडे वर जाणारा घण,
दातांत धरलेला पदर.
घण चुकला की काठाला लागे.
बाबा ऐरणीवर दोनदा टकटक करत, म्हणजे थांब.

घण उचलला.
दांडा वीतभर आखूड,
करवतीनं कापून काचेनं घासलेला,
आणि वरच्या पकडीला अंगठ्याची खळी, डाव्या.
माझा अंगठा विचारल्याशिवाय तिच्यात जाऊन बसला.

बाबांची हत्यारं, असंच म्हणत आलो सगळे.
पावती केली असती तर मीही तेच लिहिलं असतं.

आईला फोन लावला. तिला उजव्या कानानं ऐकू येत नाही,
कशानं ते आम्ही कधी विचारलं नव्हतं.
"घण तुझा होता?"
"कोनाचा होता मंग?"
"तू डावखुरी?"
"पोळ्या उजव्यानंच लाटतो मी."
थोड्या वेळानं म्हणाली, "वाजवून दाखव."
फोन ऐरणीजवळ धरून एक घातला.
पलीकडे नुसती खरखर,
भावाच्या घरचा टीव्ही, कुणाचा तरी खोकला.

"पोकळ वाजून राह्यली.
ओंडक्याच्या बुडाखाली रेती भर.
अन् मनगटानं नोको मारू,
रातभर दुसऱ्याले सुया टोचतं, मनगट कशाले घालवतं?
खांद्यानं मार."

रेती मिळाली समोरच्या बांधकामावर, दोन घमेली.
वॉचमननं पैसे घेतले नाहीत.
त्याला खिडकीसाठी एक कडी हवी आहे.