खुंटीवरची पिशवी

गोदामाची किल्ली मिळाली त्या दुपारी
मेश्रामबाईंनी आधी हिशेबाची पिशवी मागितली,
पासबुकासकट खुंटीला टांगली.
"तासभर पैसा नाही, सरपंच नाही, नवराही नाही.
बोला, इथं काय पायजे?"

कोणीच बोलेना. पंखा नव्हताच; पदर हलत होते.

देवकाच्या सुनेनं म्हटलं, पापडाचं मशीन.
"ते पिशवीतलं झालं," बाई म्हणाल्या. "अजून?"

शेवंता म्हणाली, मामा तलावात नाव,
नुसती बायांची,
गडी दिसला की वल्हवत आत.
हसू फुटलं. हसता हसता
कोणी मोहफुलाचं अत्तर काढलं,
कोणी दुपारी दोनचा भोंगा:
वाजला की गावभर बायांनी आडवं व्हायचं.
कावेरीला एक खोली हवी होती, रिकामी.
"कायले?"
"मले का मालूम. रिकामी."

बाई खडूनं सारं भिंतीवर लिहीत गेल्या,
भोंगासुद्धा.

सिंधू मात्र खुंटीकडेच बघत होती.
आठ वर्षं तीच म्हणायची, पण परवडन का?
तास भरत आला तशी पुटपुटली,
"झुला. आढ्याले. लेकरांसाठी नाही, माह्यासाठी."

मग उठली, पिशवी काढली,
वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं:
दोर, वीस हात.
किमतीचा रकाना कोरा ठेवला.