शब्द नसलेलं काहीतरी

वाल्पाराइसोच्या टेकडीवर एकशे बासष्ट पायऱ्या,
त्यांच्या मध्ये कुठेतरी माझं रेकॉर्डचं दुकान.
चढणारे इथे दम खायला थांबतात,
उतरणारे थांबत नाहीत.
एलेउतेरिओ उतरत होता, तरी थांबला.
टोपी काढून म्हणाला,
"शब्द नसलेलं काहीतरी दे, ओतिलिया.
एकही नको. मागे कुणी 'आ' करतं, तेही नको."

त्याची बायको लुदोविना. सव्वीस वर्षं
बंदराच्या वायरलेसवर जहाजांची नावं पुकारायची.
मार्चमध्ये मेंदूतली एक शीर फुटली
आणि नावं गेली.
आता मीठ हवं असलं की ती "मंगळवार" म्हणते,
आणि आपण मंगळवार म्हणालो, हे तिला कळतं.
तेच वाईट.
रेडिओवर कुणी गायला लागलं की उशी फेकते.

मी आधी काढलं ते फार जुनं:
व्हिओला द गांबा. आतड्याच्या तारा,
गुडघ्यांत धरलेलं लाकूड, तीनशे वर्षांपूर्वीचा कुणी दरबारी.
म्हटलं, दिवा लावायच्या आधी लाव.
घसा बसलेला माणूस काहीतरी कबूल करतोय असं वाटेल.
काय ते विचारायचं नाही.

मग झिम्बाब्वेचा म्बिरा: अंगठ्याखाली लोखंडी पट्ट्या,
कडेला खुळखुळणारी बाटल्यांची बुचं.
हा सकाळी, भांडी घासताना.
याला सुरुवात शोधायची नसते,
नळ कुणीतरी आधीच सोडून गेलेला असतो.

सत्तरच्या दशकातला एक जर्मन सिंथेसायझर,
वीस मिनिटांची अख्खी बाजू,
रात्रीच्या आगगाडीसारखा पळतो आणि कुठेच उतरवत नाही.
झोप येत नसेल तर.
आणि सर्फ गिटार, दोन डॉलरची, कव्हर फाटलेलं.
हिला अक्कल नाही. पण पायांना कुठे असते?

तो चारांगोकडे हात नेत होता, मी अडवलं.
घरचं वाद्य आहे, पण त्या चालींचे शब्द तिला पाठ होते.
शब्द काढून घेतले तरी जागा राहते,
पडलेल्या दातासारखी;
जीभ सारखी तिथेच जाते.

पैसे कमी पडले. तेव्हा वर एक फुकट टाकली:
तार्तूच्या कुणा बाईचा एकटा पियानो,
बिघडलेलं रेकॉर्डिंग. तिचा श्वास ऐकू येतो,
खुर्ची करकरते. कोण घेणार?

दर पंधरवड्याला तो हिशेब देऊन जायचा.
गांबा: "रडली. पण बरं रडली."
जर्मन: "ती झोपली. मी टक्क जागा."
म्बिरा परत आणलाच नाही, विचारलं तर खोकला.
सर्फ गिटार: "उशी फेकली. माझ्यावर. हसत."
पियानोबद्दल काही बोलला नाही,
मीही विसरले.

ऑगस्टमध्ये पाऊस थांबलेल्या एका दुपारी
लुदोविना स्वतः आली, कठड्याला धरून,
काखेत ती रेकॉर्ड.
मला बाजूला सारून तिनं ती लावली,
सुई मधोमध ठेवली, उचलली, केसभर मागे घेतली.
एक बोट वर: थांब.

दोन तुकड्यांमधली खरखर.
मग त्या बाईनं श्वास घेतला,
खुर्ची करकरली,
हात अजून पट्ट्यांवर पडले नव्हते.
लुदोविनानं सुई उचलली.
पुढचं तिला नको होतं.

माझ्याकडे पाहून ती म्हणाली,
"मंगळवार."
आणि या वेळी चेहरा पाडला नाही.

आता ती रेकॉर्ड दाराशी ठेवलीय, अजून तीन मागवल्या.
शिफारशीच्या चिठ्ठीवर मी एरवी चार ओळी लिहिते:
काळ, वाद्य, कोणत्या वेळी ऐकावं.
हिच्यावर फक्त 'मंगळवार'.

दोन खपल्या.
एक परत आली. खुर्ची करकरते, म्हणे.