नमुना

खडेबाजारात, घड्याळजीच्या जिन्याखाली
भरमाणीनं पुडी सोडली.
आत प्रोसेसर. पाठीवर नाव नाही,
नुसता नंबर, आणि 'गोपनीय' असं काहीसं बारीक.
"कंपनीचा नमुना ओ. विकायचा नसतोय.
चालतोय मात्र."

मी उद्यमबागेत, फौंड्रीत. नमुना मला कळतो.
गिऱ्हाइकाला दाखवायला पहिलं कास्टिंग ओततात,
मापं घेतात, खडूनं फुली मारतात,
मग ते दाराला अडण म्हणून लावतात.
आमच्या दाराशी दहा वर्षं
पंपाचं एक कवच पडून आहे.

घरी मदरबोर्डानं ओळखच दाखवली नाही.
जुनं बायोस शोधून घातलं.
रात्री दीडला पंखा फिरला, थांबला,
परत फिरला.
पडद्यावर, नावाच्या जागी,
चार शून्यं.

गौतमी जागीच होती.
"पप्पा, ह्याचं नाव?"
"ठेवायच्या आधीच कामाला लागलंय."
"मग पगार कुणाच्या नावावर?"

मेमरीचा एक खाचा मेलेला निघाला.
भरमाणीला फोन केला.
"सांगिटलो न्हवं, नमुना म्हणून?"

सकाळी कामावर
ते कवच, जे रोज पायानं सरकवतो,
वाकून
हातानं सरकवलं.
जड होतं.