खाच

जुन्या बोर्डाचे चार कपॅसिटर
भाकरीसारखे फुगले त्या रात्री
हेस्कॉमची लाइट तीनदा गेली नि चारदा आली.
कांड्या मात्र वाचल्या.
दोन, आठ-आठ जीबीच्या, साध्या काळ्या पत्र्याच्या.
खोक्यावर बत्तीसशे लिहिलेलं,
मी त्यांना सदतीसशे तेहतीसवर पळवत होतो
अडीच वर्षं,
एकही चूक न होता.

उद्यमबागेत हायड्रॉलिकचे वॉल्व्ह कापून
ओव्हरटाइमच्या पैशात घेतल्या होत्या त्या.
मशीनच्या फीडची चकती शंभराच्या पुढं कशी न्यायची
ते रवळू मेस्त्रींनी शिकवलं:
"एकशे दहाला ओरडते, एकशे पाचला गाते.
कान दे की गे पोरी, आकडा काय बघतीस?"

खडेबाजारात अडिवेप्पाचं दुकान.
पाटीवर कन्नड मोठं, इंग्रजी बारीक,
आत घासाघीस मराठीत, हिशेब कन्नडात.
त्यानं तीन खोकी मांडली.

पहिला बोर्ड देखणा,
पण त्याला नवीन जातीची कांडी लागते.
मी पिशवीतनं व्हर्नियर काढलं
(पेन विसरेन, ते नाही)
आणि खाच मोजली, माझ्या कांडीची, मग त्याच्या स्लॉटची.
लांबी तीच. सोनेरी दात तसेच.
खाच तेवढी सरकलेली,
केसभर.
"जोर लावला तर बसंल काय?" विचारलं, उगाच.
अडिवेप्पा हसला. "बसंल की. मग उठणार नाही."

दुसरा स्वस्त. खाच जुळते,
पण वीज वाटणाऱ्या चिपांवर पत्राच नाही.
मे महिन्यात आमच्या माळ्यावर
पळवायला गेलं तर तासाभरात धापा टाकेल.

तिसरा कोल्हापूरहून आलेला, वापरलेला,
मागं कुणाच्या तरी बोटाचा पेस्टचा ठसा.
दोनच स्लॉट. वाट आखूड, म्हणून सिग्नल स्वच्छ.
चालणाऱ्या कांड्यांची यादी त्यानं मोबाइलवर उघडली,
वरनं खाली, खालनं वर.
माझ्या नव्हत्या.

"यादीत नाही तर गॅरंटी नाही."
म्हटलं, "अण्णा,
यादीत नाव नाही म्हणून आमच्याकडं कोण जगायचं थांबलंय?"
तो काही बोलला नाही. बोर्ड उलटासुलटा करत राहिला,
फुंकर मारली, कोपऱ्यातली धूळ गेली नाही.
"तगो," म्हणाला. "आठ दिवस. नाही चालला तर परत आण."
"आणतो," म्हटलं.

(पुण्याला मुलाखतीत मी "आलो" म्हटलं
तेव्हा समोरच्या बाईंनी अर्ज पुन्हा वाचला,
नाव सुलक्षणाच आहे ना ते बघायला.
आमच्या गल्लीत पोरी आलो, गेलो, जेवलो म्हणतात.
कुठं अडत नाही.)

रात्री बटण दाबलं. काळोख.
पुन्हा दाबलं. पंखा फिरला, थांबला.
नवा बोर्ड जुन्या कांड्या चाचपत होता,
आंधळ्यानं पायरी चाचपावी तसा.
मी हात बांधून बसलो.
चौथ्यांदा पडदा उजळला: सोळा जीबी.

बत्तीसशेवर तासभर सोडलं. मग हळूहळू वर.
सदतीसशे तेहतीसला पहाटे तीनच्या सुमारास
एक चूक.
एकच, लाल अक्षरात.
व्होल्टेज वाढवायला अजून जागा होती.
बोट बटणावर होतं, खरं सांगायचं तर
दोनदा.

एक पायरी खाली घेतलं.
राग आला. कुणाचा, ते ठरेना.

सहाला आई चहा घेऊन वर आली.
"झालं काय?"
"होतंय की."
चुका: शून्य. टेस्ट अर्ध्यावर.
ट्यूबलाइट एकदा लुकलुकली,
आणि आम्ही दोघीही वर बघितलो.